पाच ताऱ्यांचा आहेर

सोमनाथला कुणाचं नाव गाळता येत नसे. हा त्याचा गुण म्हणावा की खोड, हे त्याच्या बायकोला पंचवीस वर्षांत ठरवता आलं नाही, तिथे आपण कोण ठरवणार?

नाशिकच्या रविवार कारंज्याजवळ त्याचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं, तेव्हाची गोष्ट. एका पत्रिकेत 'आपले विनीत'खाली नवऱ्या मुलाच्या चुलत्याचं नाव राहून गेलं. चूक यादी देणाऱ्याची होती. पण तो चुलता लग्नाला आला नाही, दोन घरांतलं बोलणं बंद झालं, आणि सोमनाथनं ते स्वतःच्या जिवाला लावून घेतलं. तेव्हापासून कुणी पत्रिका करायला आलं की तो आधी विचारायचा, "सगळे भाऊबंद आले ना? मावसे, आतोबा? पोरांची नावं?" यादी कागदात मावली नाही तर तो अक्षर बारीक करायचा, माणूस काढायचा नाही. सोमनाथची पत्रिका वाचायला भिंग लागतं, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि तरी त्याच्याकडेच यायची.

त्याचं जुनं छपाईचं मशीन महिन्यातून एकदा तरी रुसायचं. मग दिंडोरी रोडवरून इसाकभाई यायचे. त्यांचा खरा धंदा द्राक्षबागेत औषध फवारायचे ब्लोअर दुरुस्त करायचा, पण कुठल्याही मशीनवर पालथा हात ठेवून ते डोळे मिटायचे आणि दुखणं कुठे आहे ते सांगायचे. अशीच ओळख वाढली. त्यांच्या मुलीचं, निलोफरचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका सोमनाथनंच छापली. ती उर्दूत. सोमनाथला त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. पण वाचता आलं नाही तरी मोजता तर येतं! त्यानं इसाकभाईंच्या हातची यादी समोर ठेवली, बोटानं नावं मोजली, एकोणचाळीस. मग छापायच्या नमुन्यावर मोजली, अडतीस. शेवटचं एक तळाशी मावत नव्हतं. सोमनाथनं सगळं अक्षर बारीक करून घेतलं, एकोणचाळीस भरली, तेव्हा कुठे मशीन सुरू केलं.

पुढे पत्रिका मोबाइलवर फिरायला लागल्या आणि दुकान बसलं. सोमनाथ काही दिवस घरात बसून राहिला. मग इसाकभाईंच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात एक टेबल मिळालं, त्यावर त्यानं कॉम्प्युटर मांडला आणि चाळिशीनंतर वेबसाइट करायला शिकला. लोक मोबाइलवर काही शोधतात तेव्हा आपल्या गिऱ्हाइकाचं नाव वर कसं येईल, एवढं बघायचं. पहिलं गिऱ्हाईक अर्थातच इसाकभाई.

आता हे काम म्हणजे असं की, शोधणाऱ्या यंत्राचे नियम ठरवणार दुसरे, बदलणार तेच, आणि आपल्याला कळणार दुकान खाली घसरल्यावर. सोमनाथ मात्र पत्रिकेच्या सवयीनं कामाला लागला. वेबसाइटच्या पानावर 'ब्लोअर दुरुस्ती' हे शब्द त्यानं जागा मिळेल तिथे घातले, आणि जागा संपल्यावर पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत घातले. माणसाला दिसू नयेत, यंत्राला दिसावेत. दोनेक वर्षं ते चाललं, मग यंत्र शहाणं झालं. सोमनाथनं पांढरी अक्षरं काढली आणि गावागणिक एक पान केलं. खेडगाव, मोहाडी, जानोरी, पालखेड, अशी एकशे चाळीस पानं, आणि सगळ्यांवर मजकूर एकच. मग तोही नियम बदलला. एकसारखी पानं म्हणजे फसवणूक, असं ठरलं. ती पानं काढायला सोमनाथला चार दिवस लागले. खरं तर अर्ध्या तासाचं काम, पण तो प्रत्येक गावाचं नाव वाचून मग काढत होता.

"गावं काय रुसणार आहेत का?" इसाकभाई म्हणाले.

"तसं नाही हो. पण बरं वाटत नाही," सोमनाथ म्हणाला.

मग रस्ता रुंद झाला आणि इसाकभाईंचं रस्त्यावरचं वर्कशॉप गेलं. नवा गाळा म्हसरूळला मिळाला, एका शीतगृहाच्या मागच्या गल्लीत. रस्त्यावरून पाटी दिसेना. जुनी गिऱ्हाइकं विचारत विचारत यायची, पण नवा बागवाला फोनच्या नकाशावर शोधतो. त्या नकाशावरची जागा हीच आता इसाकभाईंची पाटी, आणि ती सांभाळायचं काम सोमनाथचं.

त्या मे महिन्यात सोमनाथच्या हर्षालीचं लग्न झालं. आडगावच्या एका लॉन्सवर हळद होती. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलेलं. ही ओळ आपल्याकडे छापतात आणि कुणी मनावर घेत नाही. सटाण्याहून, नांदगावहून पाहुणे टॉवेल-टोप्यांच्या पिशव्या घेऊन उतरले. ते बघून सोमनाथच्या डोक्यात विचार आला, आणि विचार आल्यावर थांबणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्यानं माईक घेतला.

"मंडळी, आहेर द्यायचाच असेल तर माझ्या भावासारख्या मित्राला द्या. फोन काढा, इसाकभाईंच्या दुकानाला पाच तारे द्या आणि दोन शब्द लिहा. हाच माझ्या पोरीला आहेर."

लॉन्सच्या वायफायचा पासवर्डही त्यानं माईकवरूनच सांगितला. पाऊण तासात बासष्ट जणांनी आहेर केला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचा नातवंडांनी केला. इसाकभाई तेव्हा पार मागे, माईक ऐकू येत नव्हता तिथे, पंगतीत म्हाताऱ्यांना खुर्च्या लावून देत होते. त्यांना रात्री घरी गेल्यावर कळलं.

पुढचे तीन-चार महिने छान गेले. बासष्ट लोकांचे पाच पाच तारे! पाटी पहिल्या नंबरावर. सोमनाथ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचा.

सप्टेंबरात पुन्हा नियम कडक झाले. खोटे अभिप्राय यंत्र हुडकून काढणार, असं सोमनाथनं वाचलं आणि मान डोलावली. बरंच झालं, चोरांना चाप बसेल. आणि महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नकाशावरून इसाकभाईंचं दुकानच गेलं. नाव टाकलं तरी दिसेना. कारण विचारलं तर नियमांचा भंग झाला आहे एवढंच उत्तर आलं.

दोन दिवस सोमनाथ दुकानाच्या परवान्याचे आणि वीजबिलाचे फोटो पाठवत राहिला. दुकान परत दाखवावं हा अर्ज नामंजूर झाला. तिसऱ्या दिवशी हर्षाली सातपूरच्या सासरहून आली. तिची नोकरीही याच कामाची, आणि इंग्रजीतले नियम ती बापापेक्षा बरे वाचायची. तिनं स्क्रीनवर अभिप्राय काढले आणि एकेक वाचायला लागली.

"'खूप छान, आमरस उत्तम.' हे ब्लोअरच्या दुकानाला, पप्पा. 'उभयतांस शुभाशीर्वाद.' 'मंडप चांगला होता, पंखे कमी पडले.' बासष्ट अभिप्राय, एका संध्याकाळी, एकाच वायफायवरून. यंत्रानं काय समजायचं?"

 चोर कोण ते सोमनाथला कळलं होतं.

इसाकभाईंना सांगायला त्याला पूर्ण दुपार लागली. त्यांनी डबा संपवला, हात धुतले, तरी हा घुटमळतोय. शेवटी सांगून टाकलं. इसाकभाईंनी पुन्हा विचारलं, "माझ्या दुकानाला आमरस छान म्हणून लिहिलं?" आणि असे हसले की त्यांना ठसका लागला. मग पाणी पिऊन ते दाराबाहेर बघत बसले. एरवी या दिवसांत गल्लीत तीन-चार ट्रॅक्टर उभे असायचे. आज एकही नव्हता.

"छाटणी सुरू झाली रे सोमा," ते म्हणाले. "आता नाय आले तर मग वर्षभर कशाला येतील?"

ते खरंच होतं. छाटणीनंतरचे दीड-दोन महिने बागेला फवारणी चुकवता येत नाही, आणि ब्लोअरवाल्याचं वर्ष त्या दोन महिन्यांवर उभं असतं. ते गेले तर गाळा सोडावा लागणार, हे दोघांनाही माहीत होतं.

बासष्ट अभिप्राय काढायचे म्हणजे ज्यानं लिहिला त्यानंच काढायला हवा. सोमनाथनं लग्नाची यादी समोर घेतली आणि फोन लावायला लागला. ज्यानं जन्मात कुणाचं नाव गाळलं नाही, तो आता भावकीला म्हणणार, तुमचा आहेर परत घ्या.

सटाण्याचे बहिरूमामा म्हणाले, "आहेर कोनी मांगे लेस का रे भाऊ? आपलामा असं नई चालस." एका साडूनं फोन ठेवून दिला. नांदगावची कुसाआत्या सगळ्यांत अवघड. तिनं नातीकडून दोन ओळी लिहून घेतल्या होत्या आणि गावभर सांगितलंही होतं.

"दिलेला आहेर काढला म्हंजी पोरीचं वाईट चिंतलं असं व्हतं," ती म्हणाली. "मी नाय काढनार."

"आत्या, तुमचं चुकलं नाही, माझं चुकलं. माझ्या हट्टापायी इसाकभाईंचं दुकान झाकलं गेलंय. लोकांना सापडत नाही."

"इसाकभाई म्हंजी मला खुर्ची आनून देनारा? लांब दाढीचा?"

"तेच."

"मग आधी सांगायचं ना. ये गं साक्षी, फोन आन इकडं."

आठ दिवस फोन चालले. काही जणांना दोनदा, साडूला पाच वेळा. शेवटी बासष्टचे बासष्ट निघाले. सोमनाथनं या वेळी अर्जात सगळं खरं लिहिलं: माझ्या मुलीच्या हळदीत मी पाहुण्यांना सांगितलं, त्यांनी माझ्या प्रेमाखातर लिहिलं, त्यातला कुणीही गिऱ्हाईक नव्हता. तरी तो पाठवायच्या आधी हर्षालीनं पुन्हा एकदा बघितलं आणि म्हणाली, "पप्पा, एक राहिलाय."

"सगळे झाले."

"तुमचाच आहे. सात वर्षांपूर्वीचा. ज्याच्या हातात पाटी, त्यानं पाटीखाली आपलंच कौतुक लिहायचं नसतं. हाही काढावा लागेल."

सोमनाथला तो आठवत होता. जागा नकाशावर टाकली त्या पहिल्याच दिवशी त्यानं तो लिहिला होता. बासष्ट जणांना आठ दिवस समजावलं त्यानं, पण यादीत स्वतःला धरलं नव्हतं.

"काढतो," तो म्हणाला, पण बोट काही पुढे जाईना.

इसाकभाई पलीकडे एक पंप खोलून बसले होते. ते उर्दू शाळेत शिकलेले, मराठी बोलायला पक्के, वाचायला कच्चे. "काय लिहिलंय त्याच्यात?" त्यांनी विचारलं. "सात वर्षं माझ्या दुकानावर आहे, मला ठाऊकच नाय. काढायच्या आधी वाच तरी."

सोमनाथनं चष्मा लावला. मग वाचायला लागला.

"'मी इथे ब्लोअर कधी दुरुस्त केलेला नाही. मला बाग नाही. माझं दुकान बंद झालं त्या वर्षी मी घरात बसून होतो, कुणाशी बोलत नव्हतो. इसाकभाई घरी आले आणि म्हणाले, वर्कशॉपात एक टेबल रिकामं आहे, तुझा कॉम्प्युटर तिथे ठेव, मला एकट्याला जेवायला कंटाळा येतो. त्यांच्याकडे दुपारी पाच माणसं जेवायला असायची. मला ते तेव्हाच समजलं होतं, पण बोललो नाही. त्यांचे उपकार मी तोंडानं सांगू शकत नाही म्हणून इथे लिहितो. ब्लोअर बिघडला तर यांच्याकडेच न्यावा.'"

इसाकभाईंच्या हातात पान्हा तसाच राहिला होता. हर्षाली खिडकीशी जाऊन उभी राहिली.

"काढ आता," इसाकभाई म्हणाले. "मी ऐकलं."

सोमनाथनं तो काढला आणि अर्ज पाठवला.

अर्ज गेल्यावर नवव्या दिवशी पाटी परत आली. नाव, पत्ता, फोन. खाली एकही तारा नाही, बागवाल्यांनी आजवर काही लिहिलंच नव्हतं. सोमनाथला ते उघडं नाव बघून वाईट वाटत होतं, पण दुपारी गल्लीत एक ट्रॅक्टर वळला. मोहाडीचा कुणी चिमाजी, पूर्वी कधी न आलेला. फोनवर बघून आलो म्हणाला. इसाकभाईंनी त्याच्या ब्लोअरवर पालथा हात ठेवला, डोळे मिटले, आणि तासाभरात यंत्र चालू करून दिलं.

तो गेल्यावर त्यांनी हात पुसले, कपाटातून एक जुना कागद आणला आणि सोमनाथच्या टेबलावर ठेवला. निलोफरच्या लग्नाची पत्रिका.

"तू वाचून दाखवलंस, आता मी दाखवतो," ते म्हणाले. "किती नावं मोजली होती तू?"

"एकोणचाळीस," सोमनाथ लगेच म्हणाला.

"अडतीस आमच्या घरची. एकोणचाळिसावं हे बघ." इसाकभाईंनी अगदी तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. "सोमनाथ देवरे. घरच्या यादीत लिहिलं होतं तुला. मला वाटलं, छापताना तुला कुणी सांगितलं असेल."

सोमनाथनं चष्मा लावला आणि त्या न कळणाऱ्या अक्षरांकडे बघत राहिला. फार बारीक होती. ते शेवटचं नाव मावावं म्हणून त्या दिवशी त्यानंच ती बारीक केली होती.