आठ शतांश मिलिमीटर

हार्लेमला आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मागच्या बागेत एक लाकडी कुंपण आहे. उंची एक मीटर दहा सेंटिमीटर. महासाथीच्या पहिल्या वर्षी घरच्या माणसांखेरीज मी समोरासमोर जे काही बोललो, ते बहुतेक या कुंपणावरूनच. शेजारी एकोणऐंशी वर्षांचे, एकटे, ट्युलिपच्या कंदांच्या व्यापारातून निवृत्त झालेले. इथे शेजाऱ्याला 'ब्यूरमन' म्हणून हाक मारतात. ते मला ब्यूरमन म्हणत, मी त्यांना ब्यूरमन म्हणे. सात वर्षांत आम्हाला नावांची गरज पडली नव्हती.

त्या एप्रिलमध्ये त्यांचा थोरला भाऊ गेला. तो देशाच्या पूर्वेला, आर्नहेमच्या पलीकडे राहायचा. अंत्यविधी त्यांनी लॅपटॉपवर पाहिला. जूनमध्ये पुण्यात माझी आई गेली. विमानं बंद होती. मी फोनवर पाहिलं, एकूण बेचाळीस मिनिटं, त्यात दोनदा संपर्क तुटला. दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी कचऱ्याचा डबा धूत होतो. माझ्या बायकोने शेजाऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी विचारलं, "स्क्रीन केवढा होता?"

"सहा इंच."

"माझा पंधरा होता," ते म्हणाले. "फार फरक पडत नाही."

मी डबा धुऊन जागेवर ठेवला आणि वर माळ्यावर जाऊन कामाला बसलो. माझं ऑफिस आर्नहेमला, पण त्या मार्चपासून ते माझ्या माळ्यावरच होतं. त्या महिन्यांतलं मला एवढंच नीट आठवतं की मी एकही मीटिंग चुकवली नाही.

बंदुकीचा विषय ऑक्टोबरात निघाला. दोघे भाऊ शिकारी होते, रीतसर परवानाधारक. पूर्वेकडच्या एका रानात त्यांच्याकडे शिकारीचा हक्क होता, कागद थोरल्याच्या नावावर. काही वर्षांपूर्वी धाकट्याचा, म्हणजे आमच्या शेजाऱ्यांचा, उजवा खांदा निकामी झाला. नेहमीच्या रायफलचा धक्का सोसेना. तेव्हा थोरल्याने त्यांच्यासाठी एक वेगळं काडतूस तयार केलं. कारखान्याची तयार पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, घ्यायची, साच्यात दाबून तिची मान अरुंद करायची, मानेखालचा उतार, ज्याला खांदा म्हणतात, खाली आणायचा. पुंगळी आखूड, दारू कमी, धक्का कमी. अशा घरी घडवलेल्या काडतुसाला शिकारी लोक वाइल्डकॅट म्हणतात, रानमांजर. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही. त्याच्या मापाची रायफलसुद्धा थोरल्याने स्वतः एका कारागिराकडून करून घेतली होती. तो कारागीरही आता हयात नव्हता. काडतुसं थोरला बनवायचा, धाकटा झाडायचा.

भाऊ गेल्यावर पोलिसांनी कपाटातली रायफल आणि तयार काडतुसं नेली. घरमालकाने माणसं लावून दोन दिवसांत घर रिकामं केलं. तेव्हा कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. साचे, ज्यांना कारखान्यांत डाय म्हणतात, लोखंडाच्या भंगारात गेले. शेजाऱ्यांकडे परवाना होता म्हणून रायफल पाच महिन्यांनी त्यांना मिळाली. काडतुसं मिळाली नाहीत. मिळाली ती भावाची एक वही, पेन्सिलीने काढलेल्या काडतुसाच्या आकृतीसकट.

"मार्चअखेर माझा परवाना संपतो," ते म्हणाले. "पुन्हा काढणार नाही, डोळे चाललेत. रानाचा कागदही त्याच दिवशी संपतो. मादी हरणांचा मोसम मार्चच्या मध्यापर्यंत. तेवढ्यात एकदा त्याच्या काडतुसाने एक हरीण मारायचं आहे. एकच."

"मग अडचण काय?"

"अडचण अशी की मला कंद कळतात, ब्यूरमन. लोखंड कळत नाही."

मला लोखंड कळायचं. नेदरलँड्सला येण्याआधी नऊ वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये, साचे घडवण्याच्या विभागात होतो, त्यातली चार मोजमापाच्या खोलीत. शाकाहारी माणसाने हरणाच्या शिकारीत पडावं का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. कुणीतरी मला एक काम दिलं होतं आणि त्याला आकडे होते, एवढंच कळलं.

मी यादी केली. नेदरलँड्समधले सात बंदूक-कारागीर, सीमेपलीकडचे जर्मनीतले तीन, बेल्जियमचा एक. या मापाची नवी डाय करून द्याल का, असं अकरा जणांना पत्र पाठवलं, मग फोन केले. पहिला म्हणाला, "नळी फेकून द्या, कारखान्याच्या मापाची बसवा, म्हाताऱ्याला सांगा फरक कळणार नाही." दुसरा फक्त चिकणमातीच्या तबकड्या उडवणाऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायचा. तिसऱ्याच्या बायकोने फोन घेतला आणि तो गेल्या महिन्यातच गेला असं सांगितलं. मी वहीत तिसऱ्याच्या पुढे फुली मारली. एकाने विचारलं, "हे मांजर कुणाचं?" शेजाऱ्याच्या भावाचं म्हटल्यावर तो म्हणाला, "मग भावालाच विचारा की." भाऊ वारला आहे असं सांगितल्यावर तो म्हणाला, "असंच असतं. ही मांजरं मालकामागे उरत नाहीत."

एका संध्याकाळी बायको माळ्यावर चहा घेऊन आली, तेव्हा मी सातव्याशी बोलत होतो. फोन ठेवल्यावर म्हणाली, "किती झाले?"

"सात जण. फोन एकोणीस."

"आईंच्या शेवटच्या आठवड्यात किती केले होतेस?"

मला आकडा माहीत होता. चार. ती उत्तरासाठी थांबलीही नव्हती. कप ठेवून खाली गेली. मी आठवा नंबर लावला.

दहावा माणूस हो म्हणाला. जर्मनीतला, सीमेपासून अर्ध्या तासावरच्या खेड्यातला, खोकत बोलणारा. रायफल त्याच्याकडे नेणं शक्य नव्हतं. सीमा ओलांडली की विलगीकरण, शिवाय बंदुकीचे वेगळे कागद. "वहीतली मापं पाठवू?" मी विचारलं.

"वहीतली नको, नळीतली पाठवा. नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत मऊ धातू ओता. थंड झाला की ठोकळा बाहेर काढून मोजा. मायक्रोमीटर आहे ना?"

"आहे."

"चांगला?"

"मी मोजमापाच्या खोलीत होतो," मी म्हणालो. तो म्हणाला, बरं.

धातूची कांडी पोस्टाने आली, सोबत बारीक अक्षरातला इंग्रजी कागद. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी शेजाऱ्यांच्या बागेतल्या शेडमध्ये, दार सताड उघडं ठेवून, दोघांनी मास्क लावून, आम्ही ते केलं. रायफल त्यांनी धरली, धातू मी ओतला. दोन वाजून दहा मिनिटांनी. ठोकळा स्वच्छ निघाला, काडतुसाच्या आकाराचा, करडा, चकचकीत. शेजाऱ्यांनी तो हातमोज्यात धरून बराच वेळ पाहिला.

"यावर लिहिलंय की तासाभराने मोजायचं," ते कागद नाकापाशी धरून म्हणाले.

"कोमट भाग मोजायचा नसतो," मी म्हणालो. "उद्या मोजतो."

आमच्या खोलीत तो नियमच होता. भट्टीतून, यंत्रावरून, कुणाच्या खिशातून, कुठूनही आलेला भाग आधी चोवीस तास वीस अंशांवर ठेवायचा, मगच हात लावायचा. घाई करणाऱ्याला आमचे साहेब विचारायचे, "भाग मोजतोयस की ताप?" चार वर्षांत मी तो नियम एकदाही मोडला नाही. मी ठोकळा घरी नेला, माळ्यावर थर्मामीटरशेजारी ठेवला, हीटर वीसवर लावला. रविवारी अडीच वाजता, एकेक माप तीनदा घेऊन, सरासरी काढली. तळापासून खांद्यापर्यंत अडतीस पूर्णांक अठरा शतांश मिलिमीटर. तिन्ही वेळा तेच.

भावाच्या वहीत अडतीस पूर्णांक दहा होतं. आठ शतांशाचा फरक. बाकीची मापंही मी ताडून पाहिली. माझं प्रत्येक माप त्याच्यापेक्षा मोठं होतं, आणि प्रत्येक वेळी जवळपास एकाच प्रमाणात, हजारी दोन. निष्काळजीपणे मोजणाऱ्याच्या चुका अशा नसतात. त्या कधी इकडे असतात, कधी तिकडे. हे मला माहीत होतं, मी ते पाहिलंही, आणि असा निष्कर्ष काढला की त्याचा व्हर्निअर झिजलेला असणार. माझी मापं सुवाच्य तक्त्यात पाठवून दिली.

डाय मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली. सुंदर काम होतं. शेजाऱ्यांनी परवान्यावर कारखान्याच्या नव्या पुंगळ्या आणून ठेवल्याच होत्या. त्यांनी पहिली पुंगळी साच्यात दाबली, काढली, पुसली आणि रिकामीच रायफलीत सरकवली. बोल्ट पुढे गेला, पण रायफल बंद करणारी त्याची दांडी खाली बसेना. त्यांनी दुसरी घेतली. मग तिसरी. खांदा दुखायला लागला तेव्हा डाव्या हाताने जोर लावून पाहिला.

"जोर लावू नका," मी म्हणालो.

"नाही लावत," ते म्हणाले, आणि रायफल टेबलावर ठेवली.

मी माळ्यावरून कारागिराला फोन केला. त्याने मला बोलू दिलं. मग विचारलं, "ओतलं किती वाजता आणि मोजलं किती वाजता?"

मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे, त्यामुळे उत्तर शोधावं लागलं नाही. शनिवारी दोन दहा. रविवारी अडीच.

पलीकडून आधी खोकला आला. मग तो म्हणाला, "हा धातू वाढतो हो. आधी आकसतो, तासाभराने बरोबर नळीच्या मापाचा होतो, आणि मग वाढत राहतो. म्हणून तर तासाभराने मोजायचा. कागदावर असतं ते."

"हो. होतं."

"डाय परत पाठवा, दुरुस्त करून देतो. पण रांग आहे. सहा आठवडे."

सहा आठवडे म्हणजे एप्रिलचा मध्य. मोसम संपायला आठ दिवस होते. मी त्याला त्याच दिवशी करून द्यायची विनंती केली. तो म्हणाला कामाला तो एकटाच आहे आणि तोही खोकतोय. मी उरलेल्या अकराव्याला फोन केला, बेल्जियमच्या. तो पुढच्या महिन्यात बघू म्हणाला. मग यादी संपली.

जेवताना बायकोने विचारलं, "सांगितलंस त्यांना?"

"उद्या सांगतो."

"चोवीस तास ठेवून?" ती म्हणाली.

मी ताट तसंच ठेवून उठलो. अंधार पडला नव्हता. शेजारी बागेत कंदांवरची वाळकी पानं वेचत होते. मी कुंपणापाशी उभा राहून सगळं क्रमाने सांगितलं. ओतल्याची वेळ, मोजल्याची वेळ, कागदात लिहिलेलं, त्यांनी वाचून दाखवलेलं, माझं उत्तर. वहीतलं माप बरोबर होतं आणि मी ते बाजूला टाकलं, हेही सांगितलं. चूक माझी, दुसऱ्या कुणाचीही नाही, असं शेवटी म्हणालो. माझा आवाज ऑफिसात अहवाल वाचतो तसा सपाट येत होता, हे मला ऐकू येत होतं.

त्यांनी हातातली पानं बादलीत टाकली.

"त्याचं किती होतं म्हणालास?"

"अडतीस दहा."

"आणि खरं किती?"

"अडतीस दहा."

"वही आण."

मी वही आणली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते पान डोळ्यांच्या अगदी जवळ धरलं. आकृतीशेजारी कॉफीचा अर्धवर्तुळाकार डाग होता.

"त्याला कशासाठीही थांबता यायचं नाही," ते म्हणाले. "शाळेपासून. बटाटे कच्चे असताना खायचा. त्यानेही धातू ओतून, तास झाला न झाला तोच स्वयंपाकघराच्या टेबलावर मोजलं असणार, कॉफी पिता पिता." मग त्या डागावर बोट ठेवून, "आई त्याला यावरून रोज बोलायची."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "हो." नाही म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत. मला ते बरं वाटलं. वही त्यांनी ठेवून घेतली.

मोसम संपला. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी रायफल रीतसर पोलिसांच्या हवाली केली, परवान्यासकट. जाताना गाडीत एकटेच होते. मला सोबत येऊ का विचारायचं होतं, पण गाडीत दीड मीटर अंतर बसत नव्हतं. परतल्यावर कुंपणापाशी येऊन म्हणाले, "त्यांनी पावती दिली. नाव बरोबर लिहिलंय." मग विचारलं, "तो ठोकळा आहे का तुझ्याकडे?"

ठोकळा माळ्यावर थर्मामीटरशेजारीच होता. द्यायच्या आधी सवयीने एकदा मोजला. अडतीस पूर्णांक एकोणीस.

"हा आता बरोबर मापाचा नाही," कुंपणावरून देताना मी म्हणालो. "अजून थोडा वाढलाय. पाहिजे तर मी नवीन ओतून..." मग आठवलं, ओतायला नळी राहिली नव्हती.

"हाच दे," ते म्हणाले.

तो आता त्यांच्या मागच्या खिडकीत असतो, कंदांच्या जुन्या किंमतपत्रकांवर वजन म्हणून. वारा आला की कागद हलतात, तो हलत नाही. दुरुस्त केलेली डाय एप्रिलमध्ये आली. ती मी तेल लावून, कागदात गुंडाळून, खोक्यावर 'अडतीस दहा, बरोबर' असं लिहून माळ्यावर ठेवली आहे. त्यानंतर पुण्याला बहिणीला फोन करून विचारलं, आईच्या शेवटच्या दिवशी काय काय झालं, पहिल्यापासून सांग. ती सांगत गेली. मी या वेळी काही लिहून घेतलं नाही.