इंगोले मॅडमची कोरी नळी

आमच्या लॅबमध्ये तपासलेले नमुने महिनाभर ठेवतात आणि मग फेकून देतात. किश्शांना तसा नियम नाही, म्हणून ते साचत जातात. नागपूरच्या सदर भागातल्या या दोन मजल्यांत मी अकरा वर्षं नमुने नोंदवतोय आणि रिपोर्ट टाईप करतोय. माझ्याजवळच्या किश्शांपैकी निम्म्याहून जास्त इंगोले मॅडमचे आहेत.

मॅडम आमच्या सीनियर केमिस्ट. फॉर्मल्डिहाईड या विषारी रसायनाचं नाव निघालं की नागपुरात लोक त्यांच्याकडेच येतात. त्यांची खरी लढाई मात्र लॅबच्याच घरातली आहे. आमच्या साहेबांचा मुलगा सौरभ लहानपणी शाळा सुटली की मॅडमच्या टेबलाशी बसून डबा खायचा, त्यांना मावशी म्हणायचा. तोच आता सत्ताविसाव्या वर्षी ई-सिगारेट ओढतो. देशात तिच्या विक्रीला बंदी आहे, पण याला ती कुठून मिळते देव जाणे. ‘पेन’ म्हणतो तिला. गेल्या हिवाळ्यापासून त्याला जो खोकला लागलाय तो हटत नाही, आणि तो खोकला ऐकून मॅडमचा जीव खालीवर होतो.

तर आधी सफरचंदाचा किस्सा. एक बाई व्हॉट्सॲपवरचा व्हिडिओ बघून घाबरून सफरचंदं घेऊन आल्या. यात ते मुडदे टिकवायचं केमिकल आहे का, ते सांगा म्हणाल्या. मॅडमनी तपासलं आणि अगदी थोडं आहे म्हणून सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. फळवाल्याला आत टाकायच्याच तयारीत त्यांनी विचारलं, कोणी टाकलं?

‘‘झाडानं,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘सगळ्याच फळांत असते थोडं. धुवा अन् खा.’’

दुसरा साहेबांचा. हवा तपासायचं नवं मशीन आलं. साहेबांनी हार घातला, नारळ फोडला आणि अगरबत्तीचा अख्खा पुडा पेटवून मशीनच्या तोंडाशीच खोचला. बटण दाबलं तर पहिलाच आकडा इतका वर गेला की मशीन बोंबलायला लागलं. साहेब कंपनीला फोन लावून भांडायला निघाले. मॅडमनी शांतपणे त्यांच्या हातातून फोन घेतला.

‘‘मशीन बराबर आहे साहेब. देवाले बाहेर बसवा.’’

पण मॅडम काय चीज आहे ते मला कळलं मासोळीच्या वेळी. बाजारात मंदाताई म्हणून मासोळी विकणाऱ्या बाई आहेत. त्यांच्या मालात फॉर्मलिन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं फॉर्मल्डिहाईड, असतं अशी कोणीतरी आवई उठवली आणि दोन दिवसांत गिऱ्हाईक तुटलं. बिचाऱ्या स्वतःच बर्फाच्या डब्यात मासोळी घेऊन आमच्याकडे आल्या. या तपासणीत फॉर्मल्डिहाईड असेल तर नळीतलं पाणी पिवळं होतं. मंदाताईंची नळी पिवळीजर्द झाली! मी रिपोर्ट टाईप करून सहीला नेला.

मॅडमची एक रीत आहे. कितीही घाई असो, प्रत्येक तपासणीसोबत एक कोरी नळी लावायची. तिच्यात मासोळी नाही, फळ नाही, फक्त आपलं पाणी आणि औषध; ती पिवळी झाली तर खोट आपल्यातच. आम्ही त्या रीतीला मनातल्या मनात कंटाळायचो. त्या दिवशी मॅडमनी सहीचा पेन खाली ठेवला आणि कोरी नळी उजेडात धरली.

‘‘हे काहून पिवळं होऊन राहिलं गा?’’

मग शोध सुरू झाला. साहेबांनी त्याच आठवड्यात लकडगंजहून प्लायवूड आणून झकास आलमारी बनवून घेतली होती. तपासणीच्या पाण्याचा कॅन आम्ही त्या आलमारीत ठेवला होता, आणि तोही झाकण न लावता! प्लायवूड चिकटवायच्या गोंदातून फॉर्मल्डिहाईड निघतं हे आम्ही स्वतःच लोकांना पत्रकं छापून सांगतो. मॅडमनी ताजं पाणी घेऊन पुन्हा तपासलं, तेव्हा दोन्ही नळ्या स्वच्छ निघाल्या. मला त्या पहिल्या रिपोर्टची आजही लाज वाटते. मॅडमनी साहेबांना एवढंच सांगितलं, ‘‘मासोळी चांगली आहे. आलमारी गच्चीवर न्या.’’

दुसऱ्या दिवशी मंदाताई डोळे पुसत ताजी मासोळी भेट घेऊन आल्या. मॅडमनी ती माझ्याकडे सरकवली आणि नमुना म्हणून नोंदवायला लावली. ती फ्रीजमध्ये महिनाभर राहिली.

मॅडमच्या पर्समध्ये नेहमी दम्याचा पंप असतो. पहिल्या नोकरीत त्यांनी फॉर्मलिनच्या बाटल्या बंद खोलीत, तोंडाला नुसता साधा रुमाल बांधून भरल्या, तिथूनच हा दमा लागला. अगरबत्तीच्या त्या दिवशीही त्या दोनदा बाहेर जाऊन पंप ओढून आल्या होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

आता सौरभचं. मॅडम टोकायच्या तेव्हा त्याचं एकच उत्तर असायचं. ‘‘मावशी, एका नाशपातीत माझ्या पेनाहून जास्त फॉर्मल्डिहाईड असते. तू तं रोज खातेस.’’ शेवटी पैज लागली. नाशपातीत कमी निघालं तर तो पेन सोडणार. जास्त निघालं तर मावशी कायमची गप्प बसणार.

अर्धी नाशपाती मॅडमनी वाटून तपासायला घेतली. पेनाचे दहा झुरके हवा ओढायच्या मोटरीनं पाण्यातून ओढले. कोरी नळी लावली. मी शेजारी उभा राहून मनातल्या मनात देवाला हात जोडत होतो.

नाशपातीची नळी जास्त पिवळी झाली.

मला वाटलं, मॅडम पुन्हा तपासायला घेतील, काहीतरी खोट काढतील. त्यांनी कोरी नळी पाहिली, ती स्वच्छ होती. ‘सौरभचे म्हणणे बरोबर आहे’ असं मला टाईप करायला लावलं आणि खाली सही केली. सौरभ हसत हसत त्या कागदाचा फोटो काढायला लागला, तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली.

ती थांबेपर्यंत मॅडमनी उरलेली अर्धी नाशपाती सावकाश खाल्ली. बोटं पुसली. पर्समधून पंप काढून टेबलावर ठेवला आणि सौरभपुढे हात पसरला.

‘‘नाशपाती पोटात गेली, मले काही झालं नाही. तुझ्या पेनात तं याहून कमी आहे. दे, मी पण एक झुरका छातीत घेऊन पाहते.’’

सौरभचं हसू गेलं. ‘‘नको मावशी.’’

‘‘काहून?’’

त्यानं पेन मुठीत घट्ट धरून हात पाठीमागे नेला. मॅडमचा हात तसाच पुढे होता.