ऑस्ट्रियाच्या घाटात माझा आवाज

संकेत, भास वगैरे मी कधी मानले नाहीत. उपास करते तोही पोटाला आराम म्हणून. तरी हे लिहायला बसले, कारण आमच्या घरात कोणाला सांगायची सोय नाही... का ते कळेलच.

आम्ही दुबईत अल मनखूलला राहतो, एकतीस वर्षं झाली. माझी धाकटी जाऊ शोभा दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कला, दीरांचा तिथे टिफिनचा धंदा. नवीन आली तेव्हा दोन वर्षं माझ्याकडेच होती. ड्रायव्हिंग टेस्टला मी सहा वेळा नापास, सातव्यांदा एकदाची पास; आणि ही पहिल्या फटक्यात. तेव्हापासून पोटात जे दुखायला लागलं ते दुखतंच आहे, खोटं कशाला बोलू?

ऑस्ट्रियात स्वतः गाडी चालवत फिरायचं हे माझं वेड. नऊ वर्षं वहीत लिहून ठेवतेय. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं — ह्यांचा गुडघा, मुलीचं लग्न, मग दुसरा गुडघा. आणि मे महिन्यात शोभाचा फोन, "ताई, आम्ही ऑस्ट्रियाला चाललोय. गाडी मीच चालवणार. तुमची ती वही द्या ना."

वही दिली नाही. व्हॉट्सॲपवर लिहून पाठवलं. इंटरनॅशनल परमिट काढ. हायवेला लागायच्या आधी टोलचं स्टिकर घे, इथल्यासारखा आपोआप कापला जाईल म्हणून बसू नकोस. चौकात बोर्ड नसेल तर उजवीकडच्याला आधी जाऊ दे. मागून लाइट मारून पुढच्याला हाकलू नकोस, ती दुबईची सवय दुबईतच ठेव. चमकणारी जॅकेटं गाडीत हवीत.

एक गोष्ट मात्र लिहिली नाही. घाट उतरताना गाडी 'डी'वर ठेवून नुसता ब्रेक दाबत यायचं नाही, गिअर खाली घ्यायचा. आपण इथे सपाट रस्त्यावर, ऑटोमॅटिकवर शिकलेली माणसं, हे माहीतच नसतं. मला ते रास अल खैमाच्या डोंगरावर कळलं — जळका वास, आणि पायाखाली ब्रेक स्पंजासारखा मऊ. एका पठाण ट्रकवाल्याने थांबवून सांगितलं, "बहनजी, ब्रेक नहीं, गिअर." लाजेपोटी ह्यांनाही बोलले नव्हते. शोभाला लिहायला घेतलं, टाइप केलं... आणि पुसलं. म्हटलं, घाबरू दे जरा. सगळं काय हिलाच पहिल्या फटक्यात यायचं?

ती मंडळी ऑस्ट्रियाला गेल्यावरच्या मंगळवारी सकाळी साडेअकराला मी भेंडी चिरत होते. तिकडे साडेनऊ. अचानक घसा असा सुकला, की पाणी पिऊनही आवाज फुटेना. हे म्हणाले, "कोणाशी भांडलीस एवढी?"

अर्ध्या तासाने शोभाचा फोन. रडत होती. "ताई, तुमचा निरोप आला नसता तर आम्ही आज..."

"कसला निरोप?"

"असं काय करता? गाडीच्या स्पीकरवर आला ना. 'शोभे, ब्रेक नाही, गिअर!' ब्रेक लागतच नव्हता हो. पुढे वळण, खाली दरी. गिअर खाली घेतला तेव्हा कुठे गाडी आवरली."

मागून माझा पुतण्या कुणाल, "काकू, यू सेव्ह्ड अस. पण इतकं शाउट का करत होतीस?"

दीरांनीही ऐकलं होतं. माझ्या फोनमध्ये काही नाही. त्यांच्या फोनमध्येही शेवटचा मेसेज जॅकेटांचा. कुणाल म्हणतो, "मे बी यू डिलीटेड इट, काकू." डिलीट केलं होतंच की... पण ते लिहिलेलं, आणि पाठवायच्या आधीच.

परत आल्यावर शोभा मला मिठी मारून किती वेळ सोडेना. "ताई, तुम्ही मला शोभे म्हणालात. माझी आई म्हणायची तसं."

मी जन्मात तिला शोभे म्हटलेलं नाही.

पुसल्याचं अजून सांगितलेलं नाही. कोणाकडे काही खुलासा असेल तर जरूर लिहा, माझ्याकडे नाही. हल्ली ती रोज फोन करते, "ताई, एकदा शोभे म्हणा ना." म्हणून बघते, पण ते तसं येत नाही — तिलाही कळतं. घाटात माझ्या आवाजात जी कोण बोलली, तिच्यावर शोभाचा जीव जडलाय. आणि आता मला त्या बाईचा हेवा वाटतो.