मेरिटवाली आर्ट्सला जाते

बारावी सायन्सला लेकीला इतके चांगले मार्क पडले, की आमच्या सामरवरणीच्या बिल्डिंगमध्ये लोकांनी तिला परस्पर इंजिनिअर करून टाकलं. तिने मात्र जेवताना जाहीर केलं, मला इतिहास आणि भाषा शिकायच्यात, लिबरल आर्ट्सच्या कॉलेजात जायचंय.

आमच्या ह्यांचा घास हातातच राहिला. हे मूळचे धुळ्याकडचे, इथे जवळच मसाटला धाग्याच्या कंपनीत चेकिंगचे सुपरवायझर. तिथे खराब माल पास करून टाकणाऱ्याला ‘लिबरल’ म्हणतात, आणि असल्या माणसाशी ह्यांचं कधी पटलं नाही.

“मेरिटवाली पोर आर्ट्सले? अन् तेबी लिबरल?” चिडले की हे अहिराणीवर येतात. “फर्स्ट क्वालिटीनी पोर शे, सेकंडमा कशाले टाकू?”

लेक रडली नाही. माझ्यावर गेलीय. म्हणाली, “पप्पा, मेरिटवर स्कॉलरशिप मिळवून दाखवली तर?”

“पूर्ण फी माफ झाली तर जा. नाहीतर गुपचूप इंजिनिअरिंग.”

मग आम्ही मायलेकी कामाला लागलो. वेबसाइटवर हिरवळीचे फोटो ढीगभर, स्कॉलरशिपचं पान मात्र उकरून काढावं लागतं. लेक फोन करायची ते इंग्रजीत, आणि तिकडून गोड गोड बोलून तिची बोळवण व्हायची. शेवटी फोन मी घेतला. माझ्या हिंदीला आडपडदा नाही. “ये माफी पहले साल की है या पूरे कोर्स की? मार्क्स पे मिलती है या इनकम पे?” समोरचे अडखळायचे. दोन नावाजलेल्या कॉलेजांची माफी पहिल्या वर्षापुरतीच निघाली. नाव मोठं, लक्षण खोटं! एका लहानशा कॉलेजात मात्र शेवटपर्यंत फी माफ होती. त्यासाठी निबंध आणि मुलाखत द्यायची होती.

मुलाखत ऑनलाइन झाली, आम्ही दोघंही लेकीच्या शेजारी बसलो. लेक आमच्या जिन्यात ऐकू येणाऱ्या भाषांवर बोलली. खालच्यांची गुजराती, समोरच्यांची भोजपुरी, बापाची रागातली अहिराणी. ती इतकं छान बोलत होती, की मी ऐकतच राहिले. शेवटी मुलाखत घेणाऱ्या बाईंनी आम्हालाही विचारलं, काही शंका आहे का?

ह्यांनी घसा खाकरला. “मॅडम, आपके यहाँ फेल करते हैं क्या?”

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, “करते हैं. निबंध कमज़ोर हो तो दोबारा लिखवाते हैं. और स्कॉलरशिपवालों को तो ज़्यादा कसके जाँचते हैं.”

“म्हणजे रिजेक्शन शे,” हे पुटपुटले, आणि पहिल्यांदाच खुर्चीला टेकून बसले.

फी माफ झाल्याचा मेल आला तेव्हा हे ड्यूटीवर होते. मी फोन केला तर नुसतं “बरं” म्हणाले. संध्याकाळी आम्ही दोघं पेढे घेऊन परतलो, तर लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरचे पुण्याचे मॅनेजर भेटले.

“काय मग, इंजिनिअरिंगला कुठे?”

“इंजिनिअरिंग नाही, साहेब. आर्ट्स.” ह्यांचा आवाज जरा मोठाच होता. “आमची पोरगी त्यांच्याकडे यावी म्हणून कॉलेजने फी सोडली.”

मला इतका अभिमान वाटला, की काय सांगू! आमचा मजला आला, दार उघडलं. हे बाहेर पडेनात. मीही पडले नाही. साहेबांचा मजला येईपर्यंत निबंध, मुलाखत, शेवटपर्यंतची माफी, पुढचं सगळं मी सांगितलं.