गुहेतला बबन

वाचनालयात दुपारी बसणाऱ्याकडे किस्से आपोआप साठतात, मुलं गेल्यावर दारात उरलेल्या एकेका चपलेसारखे. कुणाचे ते आठवत नाही, टाकवतही नाहीत. मी ते डायरीत उतरवून ठेवतो.

नौपाड्यातलं आमचं वाचनालय विद्याताई सांभाळतात. मे महिन्यात रोज चार वाजता मी मुलांना एखादं जुनं साहसाचं पुस्तक वाचून दाखवतो. आधी स्वतः वाचून घेत नाही, मुलांबरोबरच पुढे जातो. यंदाच्या पुस्तकात चार भावंडं होती, मामाचं गाव, नदी आणि पलीकडे गुहा. पंखा कुरकुरायचा आणि खालच्या रिक्षा हळूहळू ऐकू येईनाशा व्हायच्या.

*

पहिल्याच दिवशी सात वर्षांच्या सोहमने हात वर केला. दोन महिने सगळे मामाकडे राहतात, तर मामी काही बोलत नाही का? पुस्तकात मामी फक्त आंबे कापते, असं मी सांगितलं.

"मग मनात बोलत असेल," सोहम म्हणाला.

*

दहा वर्षांची इरा वडिलांना घेऊन खडवलीला नदीवर जाऊन आली. गुहा काही सापडली नाही, पण ती नाराज नव्हती.

"काका, पाणी तसंच आहे. म्हणजे जागा बरोबर होती, आम्ही उशिरा गेलो."

*

मग ते पान आलं. धाकटा बबन गुहेत अडकतो, कंदील विझतो. मी पान उलटलं आणि त्याच सुरात वाचलं, "कैऱ्या धुऊन, पुसून कोरड्या कराव्यात."

कधीकाळी वागळे इस्टेटमधल्या बाइंडरकडे दोन पुस्तकं एकाच गठ्ठ्यात गेली असणार. शेवटच्या सोळा पानांची अदलाबदल झाली होती. विद्याताईंनी जुनं रजिस्टर काढलं. लोणच्यांचं पुस्तक एक बाई घेऊन गेल्या, त्या गेल्याच.

"म्हणजे बबन त्यांच्या किचनमध्ये आहे," सोहम म्हणाला.

*

सगळे हसले, इरा नाही. तिच्या वडिलांची नागपूरला बदली झाली होती. रविवारी निघायचं होतं, आणि त्याआधी बबन सुटला की नाही हे तिला कळायलाच हवं होतं.

विद्याताईंनी डोंबिवलीच्या एका जुन्या सभासदांना फोन लावला. बाइंडिंगच्या आधी, लहानपणी, त्यांनी ते पुस्तक नेलं होतं. इराने स्वतःच विचारलं.

"बबन? हो हो, गुहेत." मग ते जरा खाकरले. "खरं सांगू का बाळा, तेवढ्यात आमची शाळा सुरू झाली. वडिलांनी पुस्तक परत केलं. तुला कळलं तर मलाही सांग हं."

*

शुक्रवारी इराने पुस्तक घरी मागितलं. नियमात बसत नव्हतं. विद्याताईंनी नोंदच केली नाही.

सोमवारी वाचनालय उघडायला आलो तेव्हा ती नागपूरला पोचली असेल. पुस्तक दारात होतं, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं. शेजारी फडकं बांधलेली लहानशी बरणी, कैरीच्या लोणच्याची. त्यावर वहीचा कागद चिकटवलेला.

"बबनसाठी. मुरायला पंधरा दिवस लागतात. तोवर तो येईलच."