माशांना दिलेलं दुखणं

श्यामसुंदर पिंपळापुऱ्यांचा आधी चेहरा थांबला, पाय नंतर.

तोफांच्या कारखान्यात फिटर होते. मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात विनोदी काम ठरलेलं. नुसती भुवई उडवली तरी मागच्या रांगेतली पोरं लोळायची. आताही चेरीताल मोहल्ल्यातल्या घरात विनोद तसेच चालायचे, पण चेहरा धुतल्या पाटीसारखा कोरा. पापणीसुद्धा लवकर लवायची नाही. त्यांची बायको सुहासिनी हसायची, आणि हसता हसता अंगावर काटा यायचा तिच्या. मुखवट्याच्या आत बसून कोणी बोलावं तसं वाटायचं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पार्किन्सन. मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी मरून राहिल्या आहेत. त्याच्या जोरावर माणूस पाऊल उचलतो. म्हणून वेळच्या वेळी पिवळी गोळी. चुकली की माणूस दारात उभ्याचा उभा.

उजव्या हाताचा अंगठा आणि बोट मात्र सतत काहीतरी वळत असायची.

"अहो, नुसतंच वळून राहिले तर कणीक तरी वळा," सुहासिनी एकदा म्हणाली.

"दे. कारखान्यात ओव्हरटाइम मिळायचा, इथे काय देशील?"

शेजारच्या हेमलतादीदींनीच सांगितलं होतं: कणकेच्या गोळ्या रोग्यावरून उतरवून नर्मदामैयाच्या मासोळ्यांना घाला, दुखणं पाण्यात जातं. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी ऑटोनं तिलवाऱ्याच्या घाटावर. ती गोळ्या त्यांच्यावरून ओवाळायची, ते पायरीवर बसून एकेक पाण्यात सोडायचे. मासोळ्या अशा तुटून पडायच्या की पाणी उकळल्यासारखं दिसायचं.

दिवाळीत श्यामसुंदरांची भाची प्रणोती आली. माशांच्या मेंदूवर संशोधन करायची.

"मामी, डोपामिन तर फिशमध्ये पण असतं. आम्ही लॅबमध्ये ते कमी करतो नं, तर त्या पोहायचंच सोडतात. तळाशी अशा... खड्या राहतात बस."

"काहून करता गं असं? पाप लागेल."

"औषध शोधायला, मामी."

श्यामसुंदर तिच्याकडे बघत होते. "खड्या म्हणजे, माझ्यासारख्या?"

"अच्छा, चलो, तुमच्यासारख्याच," प्रणोती हसली. बाकी कोणी हसलं नाही.

त्यानंतर त्यांचं बिघडत गेलं. दुपारी जेवण झाल्यावर न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटायचे. सुहासिनी हाक मारायची, आतून उत्तर यायचं, "आलोच," आणि माणूस यायचा नाही. तिनं कणीक वाढवली. आता परातभर गोळ्या व्हायच्या.

आणि घाटावर काहीतरी बदललं होतं. मासोळ्या यायच्या, पण झुंबड नाही. पायरीखाली रांगेनं उभ्या, सगळ्यांची तोंडं प्रवाहाकडे, शेपटी जेमतेम हलती. गोळी समोर पडली तरी कितीतरी वेळ बघत राहायच्या.

"थंडी पडली म्हणून असेल," सुहासिनी म्हणाली.

"थंडी नाही ते," ते म्हणाले.

त्या शनिवारी त्यांच्या हातातून कणकेची एक गोळी निसटली आणि पायरीवर फुटली. आत पिवळं काहीतरी होतं. सुहासिनीनं नखानं उकरलं. तिनं दुसरी फोडली. तिसरी फोडली.

"अहो! ह्या तुमच्या दुपारच्या गोळ्या! माझ्यासमोर गिळता नं तुम्ही?"

"जिभेखाली ठेवतो. मग कणकेत वळतो."

"काहून पण? काहून?"

"तू माझं दुखणं उतरवून त्यांना देऊन राहिलीस, सुहास. बघ त्यांच्याकडे. हलते का कोणी? दुखणं आपण दिलं, तर औषध पण आपणच द्यावं लागते." चेहऱ्यावर रेघ नाही. डोळे तेवढे भरलेले. "मुकी जात आहे. डॉक्टरकडे कशी जाईल?"

तिला ओरडायचं होतं, ओरडवेना. ही कणीक तिनंच मळली होती. तिनं तिथूनच प्रणोतीला फोन लावला, स्पीकरवर टाकला, सगळं सांगितलं.

मग प्रणोती म्हणाली, "मामा, ऐका. त्यांचा नि आपला पूर्वज एकच होता, करोडो वर्षांपूर्वी. भूक लागली की पुढे सरक, भीती वाटली की पळ. हे तेव्हापासून डोपामिनवरच चालतं. पण मधल्या मेंदूतला पेशींचा जो पुंजका तुमचा मरतोय नं, तो ह्या मासोळ्यांमध्ये नाहीच. शार्कमध्ये आहे, पक्ष्यांमध्ये आहे, आपल्यात आहे. ह्यांचा वाटेत कुठेतरी गळून पडला. ह्यांचं काम दुसरीकडून चालतं, अजून खोलातून. तुमचं दुखणं त्यांच्यात शिरलं तरी बसणार कुठे?"

"अन् त्या दुसऱ्या जागेत बिघडलं तर?"

"त्यांच्या पेशी पुष्कळदा नव्यानं येतात, मामा."

"आपल्या?"

"आपल्या नाही येत."

सुहासिनीनं फोन बंद केला. पुलावरून नागपूरकडचा एक ट्रक गेला, त्याचा उजेड पाण्यावरून सरकला. मासोळ्या तशाच उभ्या होत्या.

"म्हणजे त्यांनी घेतलंच नाही," श्यामसुंदर हळू म्हणाले. "मग इतके शनिवार तू उतरवलं, ते गेलं कुठे?"

इतके दिवस जे तिनं स्वतःशीही म्हटलं नव्हतं, ते आता म्हणणं भाग होतं.

"कुठेच नाही गेलं. तुमच्यातच आहे. तिथेच राहणार आहे ते." पर्समधून तिनं नवी गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली. "घ्या."

त्यांनी गोळी घेतली. मग तोंड उघडलं, जीभ वर केली, आणि शाळेतल्या पोरासारखं तिला दाखवलं. काही नव्हतं.

"आता थांबावं लागेल," ती म्हणाली. "गोळी चढेपर्यंत."

"थांबू नं. सोबत आहे की." त्यांनी हनुवटीनं पाण्याकडे खूण केली.

अंधारत गेलं. परातीतली उरलेली कणीक सुकून तडकली, तिनं ती पाण्यात टाकली नाही. खाली ती रांग कोणाची तरी वाट पाहिल्यासारखी, आणि वर पायरीवर हे दोघं. मग श्यामसुंदरांचा डावा पाय जरासा सरकला. आधी टाच, मग पंजा.

"चल," ते म्हणाले.

तिनं हात धरला. पाण्याकडे बघायचं दोघांनीही टाळलं.