दारावरचा लाल दिवा

सत्यभामाबाई ढोके यांना भुतांची भीती वाटत नाही. रांझी मोहल्ल्यातल्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं, मागे रिकामा प्लॉट, आणि त्या एकट्या राहतात. तेव्हा भुतांच्या बाबतीत काय ते एकदाच ठरवून टाकणं भाग होतं. पालीची भीती वाटते, ती त्या मान्य करतात. आणि एका गोष्टीची इतकी वाटते की तिचं नाव घरात घेतलं जात नाही. तिला त्या ‘दादाचं ते’ म्हणतात.

दादा म्हणजे थोरले भाऊ विष्णू. गणिताचे मास्तर होते, आता शहरात ओमतीला मुलीकडे, क्षमाकडे असतात. पाच वर्षांपूर्वी ते बड्या फुहाऱ्याच्या बाजारात पायजम्याचं कापड आणायला गेले आणि दुकानाच्या गादीवर बसून मालकाला विचारू लागले, की माझी आई आत गेली आहे ती बाहेर कधी येईल. विचारणाऱ्याचं वय एकाहत्तर. मालक शहाणा होता. त्यानं चहा मागवला आणि दादांच्या खिशातल्या मोबाइलवरून क्षमाला फोन लावला.

पण सुरुवात दुकानात झाली नव्हती. क्षमानं नंतर मागे मागे जाऊन हिशेब लावला. त्या दिवसांत दादांना सगळी नावं आठवत होती, एकोणतीसचा पाढाही येत होता. गेल्या होत्या त्या फक्त चपला. म्हणजे ध्यानातून; चपला पायातच होत्या, आणि त्या घालून दादा देवघरात गेले, आरती केली, प्रसाद वाटला. साठ वर्षांत असं घडलं नव्हतं. सगळे हसले. दादाही हसले. “तेव्हा हसायला नको होतं,” असं क्षमा अजून म्हणते, जणू हसल्यामुळे ते झालं.

सत्यभामाबाईंनी खमरियाच्या कारखान्यात तेहतीस वर्षं भराईचं काम केलं. भरायची ती दारू, तोफगोळ्यांत; प्यायची नव्हे. आत जाताना फाटकापाशी बांगड्या उतरवायच्या, साडीची पिन काढायची, केसातला आकडा काढायचा, खास बूट घालायचे. कागद-पेन्सिल न्यायची नाही. जे काय लक्षात ठेवायचं ते डोक्यात. एका खोलीत एकच माणूस. तीन भिंती जाड, चौथी हलकी, म्हणजे काही झालंच तर ते कुठल्या बाजूनं व्हावं हे इमारतीनं आधीच ठरवून ठेवलेलं. काम चालू असेपर्यंत दारावर लाल दिवा, आणि दिवा लाल असताना आत कुणी जायचं नाही. कुणी म्हणजे कुणीच. यजमान गेल्याची बातमी घेऊन माणूस आला, तेव्हा तो दिवा विझेपर्यंत चाळीस मिनिटं बाहेर उभा होता. सत्यभामाबाईंना ते बरोबर वाटलं. “चाळीस मिनिटं जास्त जिवंत होते ते मला,” असं त्या एकदा म्हणाल्या होत्या.

नोकरी संपली आणि घरात भलतीच शांतता झाली. कारखान्यातली शांतता कामाची होती, ही बिनकामाची. तेव्हा क्षमानं आपला जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यात एक खेळ टाकला. खेळात एक डोंगर आहे, वर धुकं आहे, आणि एक बंद पडलेली वेधशाळा. माणूस एकही नाही. तुम्ही चालायचं. तुमच्याच पावलांचा आवाज येतो, कुठेतरी पाणी ठिबकतं, वारा एखादी खिडकी आपटतो. दारं बंद आहेत. कुठे तबकड्या फिरवायच्या, कुठे घंटांचा सूर जुळवायचा, कुठे भिंतीवरचे तारे मोजायचे, मग दार उघडतं. मारामारी नाही. कुणी अंगावर येत नाही. फक्त सतत वाटत राहतं की आता येईल.

आयुष्यभर जिनं एकटीनं बंद खोलीत जीव मुठीत धरून काम केलं, तिनं निवृत्तीनंतर तेच फुकट करावं, हे क्षमाला पटेना.

“आत्या, डर नाही लागत तुला?”

“लागतो ना.”

“मग काहून खेळून राहिलीस?”

“अगं, इथली भीती शिस्तीची आहे. जो दार लावून गेला, त्यानं ते उघडायची सोयबी करून ठेवली. बाहेर तसं असते का?”

तिच्या घरी एक माणूस रोज थोडाथोडा बंद होत होता आणि उघडायची सोय कुणी करून ठेवली नव्हती.

माणसं असले खेळ का खेळतात, यावर शिकलेले लोक बरंच बोलतात. सत्यभामाबाईंचं म्हणणं थोडक्यात होतं: तिथे कुणी हाक मारत नाही, कुणी घाई करत नाही, आणि चुकलं तर फक्त आपलं चुकतं. सव्वीस दिवसांत त्यांनी खेळ पुरा केला. रोज जेवण झाल्यावर दोन ते चार, पडदे ओढून, कागद-पेन्सिलीशिवाय. शेवटची घंटा वाजली, धुकं विरलं, त्यांनी लॅपटॉप पुसून कपाटात ठेवला. ही चार वर्षांपूर्वीची गोष्ट.

या वर्षी संक्रांतीला हळदीकुंकवाला एक बाई आली. तिच्याबरोबर सत्यभामाबाईंनी अकरा वर्षं एका बसनं ये-जा केली होती. तिचं नाव आठवेना. वाण दिलं, तिळगूळ दिला, “बस ना गं” म्हणाल्या, आणि सगळा वेळ मनात अ पासून ज्ञ पर्यंत नावं लावून पाहत होत्या. बाई गेली आणि फाटकाची कडी वाजली तेव्हा नाव आलं. पुष्पा. काही अवघड नाव नव्हतं.

क्षमानं त्यांना दोनदा डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तारीख विचारत, वार विचारत, घड्याळ काढायला लावत. दोन्ही वेळा पूर्ण गुण मिळाले. मिळणारच, सत्यभामाबाई निघण्याआधी कॅलेंडरसमोर पंधरा मिनिटं उभ्या राहून तारीख, वार, तिथी पाठ करून जात. तिथी कुणी विचारली नाही, तरी केली होती. दादा पास झाले नव्हते कारण ते मास्तर असून अभ्यास न करता गेले, असं त्यांचं मत होतं. पण गाइड वाचून मिळालेल्या गुणांवर त्यांचाच विश्वास बसेना. म्हणून त्यांनी स्वतःची परीक्षा ठरवली. तो खेळ पुन्हा, पहिल्यापासून. प्रत्येक दार ओळखू आलं तर ठीक. एकही नवं वाटलं, तर ‘दादाचं ते’ आलं.

परीक्षा जीवघेणी होती. दरवेळी दार उघडण्याआधी त्या डोळे मिटून मनाशी म्हणत, आत निळी काच, डावीकडे जिना. डोळे उघडत. निळी काच, डावीकडे जिना. मग श्वास. पूर्वी भीती धुक्याची होती. आता धुक्याला त्या ढुंकूनही पाहत नव्हत्या. आता भीती होती ती उजेड पडल्यावर काय दिसेल याची. आठ दिवस सगळं बरोबर आलं. त्या दिवसांत त्यांनी बेसनाचे लाडूही केले.

नवव्या दिवशी एका लांब बोळातून त्या भराभर चालल्या होत्या. पुढचं घंटाघर त्यांना तोंडपाठ होतं. वाटेत डावीकडे दार लागलं, ढकललं, उघडलं. आत गोल खोली. मध्ये तांब्याचं पाण्यानं भरलेलं घंगाळ, वर साखळीला टांगलेलं भिंग, आणि भोवती सात खुर्च्या. सातही खुर्च्या घंगाळाकडे तोंड करून. एक खुर्ची मागे सरकवलेली, जणू कुणी आत्ताच उठलंय.

ही खोली त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती.

त्या उठल्या. स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायल्या. परत आल्या. सात खुर्च्या. त्यांनी डोळे मिटून खूप आत शोधलं, माहेरचं दार, पहिल्या पगाराची पासबुकावरची रक्कम, घंटांचे सूर. सगळं जागच्या जागी होतं. फक्त ही खोली नव्हती. भर दुपारी बाहेर भाजीवाला ओरडत होता आणि त्यांना तो कुठल्यातरी दुसऱ्या गावात ओरडतोय असं वाटत होतं.

फोनवर त्या क्षमाला एवढंच म्हणाल्या, “रविवारी ये. झालं ते.”

“काय झालं?”

“खुर्च्या नाही आठवून राहिल्या.”

क्षमा रविवारपर्यंत थांबली नाही. शेजारणीला वडिलांपाशी बसवून स्कूटी घेऊन तासाभरात हजर झाली. हेल्मेट डोक्यावरच होतं.

“कोणत्या खुर्च्या? घरातल्या?”

“खेळातल्या.”

“अरे यार आत्या! मला वाटलं...” ती मटकन बसली, मग आत्याचा चेहरा पाहून हेल्मेट काढलं. “अच्छा, दाखव.”

तिनं ती खोली पाहिली. तिलाही काही आठवेना, पण तिची परीक्षा नव्हती. मग तिनं एक सोपी गोष्ट केली, जी सत्यभामाबाईंना माहीत नव्हती. चार वर्षांपूर्वीचा खेळ लॅपटॉपमध्ये तसाच जपलेला होता. क्षमानं तो उघडला. तीच वेधशाळा, तोच बोळ, सगळी दारं सत्यभामाबाईंनी त्या वेळी सोडली तशी उघडी. एक सोडून. डावीकडचं दार बंद होतं. वर एक छोटा लाल दिवा जळत होता.

क्षमानं बटण दाबलं. दार मुकाट्यानं उघडलं. कोडं नव्हतं, किल्ली नव्हती. आत घंगाळ, भिंग, सात खुर्च्या.

“आत्या, तू आत गेलीच नव्हतीस त्या वेळी! तर आठवणार कुठून?”

“मग घंटाघरात उजेड पाडायला भिंग लागते, ते?”

“ते इथूनच घ्यायचं असेल. तू कसं केलंस मग?”

“छतावरून. आरशानं. अकरा दिवस लागले.”

“अकरा दिवस! दार खुलं होतं आत्या. ढकललं काहून नाही?”

सत्यभामाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं वाहत्या रस्त्यात झोपणाऱ्या माणसाकडे पाहावं.

“दिवा लाल होता ना.”

क्षमा हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी शोभेसाठी दारावर लाल दिवा लावला, आणि खमरियाची बाई त्याचा मान राखून अकरा दिवस छतावरून गेली. सत्यभामाबाईही हसल्या. खूप दिवसांनी हसल्या. बेसनाच्या लाडवांचा डबा निघाला, गॅसवर चहा चढला. दादांसाठी चार लाडू वेगळे बांधले गेले.

चहा गाळता गाळता सत्यभामाबाईंचा हात थांबला.

“क्षमा.”

“हं?”

“या वेळी दिवा नव्हता का?”

क्षमानं लाडू तोंडात असतानाच नवा खेळ उघडला, चार पावलं मागे घेऊन बोळात आली. दिवा होता. तिथेच, तसाच, लाल.

“तं मग मी आत कशी गेली?”

“अगं, चार साल हो गये रिटायर होऊन. सवय सुटली. अच्छा है ना.”

“हो,” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पण मी दिवा पाहूनबी आत गेली, असं नाही झालं, क्षमा. मला दिवा दिसलाच नाही.”

चाळीस मिनिटं ज्या दिव्याखाली एक माणूस मरणाची बातमी हातात धरून उभा राहिला होता, तसल्याच दिव्याखालून त्या भराभर निघून गेल्या होत्या. खोली विसरल्या नव्हत्या. नावं आठवत होती, पाढे येत होते. क्षमानं उरलेला लाडू बशीत ठेवला. तिची नजर दाराशी गेली, तिथे तिच्या आणि आत्याच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या. तिनं त्या दोनदा पाहिल्या. आत्यानं तिला पाहताना पाहिलं.

कुणीच हसलं नाही. एवढी सुधारणा त्या घराण्यात झाली होती.

चहा झाला. कपही विसळून झाले. लॅपटॉपवर बोळ तसाच उभा होता, पाणी ठिबकत होतं.

“मंगळवारी जाऊ डॉक्टरकडे,” क्षमा म्हणाली. “मी सुट्टी टाकते.”

सत्यभामाबाईंनी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, गुंडाळलं आणि क्षमाच्या पिशवीत लाडवांच्या शेजारी ठेवलं.

“हे घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “या वेळी पाठ नाही करत.”